अनुभव धागा: आकड्याला कुंपण घातले असते, तर…

रेवाकाठ

काल संध्याकाळी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकणारा माझा भाचा लॅपटॉप घेऊन आला आणि "मावशी, फॅक्टोरियलचा प्रोग्राम चालला!" असे मोठ्या आनंदाने सांगू लागला. बाराचा फॅक्टोरियल, म्हणजे एक ते बारा या संख्यांचा गुणाकार, ४७,९०,०१,६०० आला होता आणि तो बरोबर होता. तेराचा १,९३,२०,५३,५०४ आला होता आणि तो साफ चुकीचा होता, कारण खरे उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे आणि बत्तीस बिटांच्या, म्हणजे शून्य-एकच्या बत्तीस घरांच्या, पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढचे काहीच मावत नाही.

आमच्या वेळी टर्बो सी या प्रोग्रामिंग साधनाच्या निळ्या पडद्यावर हीच फजिती आठाच्या फॅक्टोरियललाच होत असे. सोळा बिटांचा इंटिजर, म्हणजे पूर्णांक, ३२,७६७ ला संपायचा आणि ४०,३२० ऐवजी उणे २५,२१६ समोर यायचे. प्रयोगशाळेतले सर मान वर न करता "लाँग घे", म्हणजे मोठा पूर्णांक वापर, एवढेच म्हणत. मात्र त्या उणे चिन्हामुळे काहीतरी बिघडले आहे एवढे तरी आम्हाला कळत असे. भाच्याचे उत्तर धन होते, बाराच्या उत्तरापेक्षा मोठे होते आणि चेहऱ्यावरून अगदी साव दिसत होते.

पुढे बंगळुरूला विमानांच्या प्रणालींवर काम करताना एडा या प्रोग्रामिंग भाषेशी गाठ पडली. तिथे महिना हा नुसता इंटिजर म्हणून लिहीत नाहीत; "टाइप महिना इज रेंज १ ते १२" अशी घोषणा करतात, म्हणजे महिना हा संख्येचा वेगळा प्रकार (टाइप) ठरवून त्याला एक ते बाराचे कुंपण घालतात, आणि चालत्या प्रोग्रामने त्यात १३ भरायचा प्रयत्न केला, तर त्याच ओळीवर कन्स्ट्रेंट एरर, म्हणजे मर्यादा मोडल्याची चूक, येतो. कल्पना तशी जुनी आहे. निकलाउस वर्थ यांच्या १९७० सालच्या पास्कल भाषेतही अशा मर्यादित व्याप्ती होत्या. कॉलेजात आम्ही पास्कल शिकलो, पण टर्बो पास्कलमध्ये ही तपासणी मुळात बंद असायची आणि ती चालू करता येते हे आम्हाला कोणी सांगितले नाही. कुलूप होते, पण किल्ली फिरवायची राहून गेली होती.

आकड्याला मर्यादा न घातल्याने, किंवा घातल्यानेही, तुमच्यावर काय प्रसंग आले, ते वाचायला आवडेल.

बांधावरचा

रेवाताई, धागा काढलात ते बरे केले, कारण हे दुखणे मी पंधरा वर्षे बाळगून आहे. एका तालुक्याच्या जमीन नोंदी संगणकावर चढवण्याचे काम आमच्याकडे होते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहितात, म्हणजे १.०५.०० याचा अर्थ एक हेक्टर पाच आर. आमच्या आधीच्या मंडळींनी त्यासाठी एकच दशांश रकाना ठेवला होता. कोणी १.०५ भरले, कोणी १.५ भरले, आणि १.५ म्हणजे एक हेक्टर पाच आर की एक हेक्टर पन्नास आर, हे भरणाऱ्याखेरीज कोणालाच सांगता येईना. पंचेचाळीस आरांचा फरक म्हणजे एक एकराहून अधिक जमीन आहे, हे गावात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आम्ही तीन वेगळे टाइप केले. आर शून्य ते नव्व्याण्णव, चौरस मीटरही शून्य ते नव्व्याण्णव, आणि हेक्टर वेगळा. त्यानंतर १२० आर भरणारा लगेच अडकू लागला.

खरी मेख मात्र गुंठ्यात होती. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळचे आहेत की एकाच्या जागी दुसरा बसला तरी आकडा पाहून कोणाला शंका येत नाही, आणि इथे व्याप्तीची तपासणीही काही कामाची नाही, कारण चुकीचा आकडासुद्धा मर्यादेतच असतो. चाळीस गुंठ्यांत मिळून जवळपास सत्तेचाळीस चौरस मीटरांचा फरक पडतो, म्हणजे अर्धा गुंठा उडतो. गुंठा आणि आर हे दोन निराळे टाइप केले आणि त्यांची थेट बेरीज कंपायलरला, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामला, नामंजूर करायला लावली, तेव्हा जुन्या कोडमध्ये अशा अकरा जागा लाल झाल्या. त्यातल्या दोन मी स्वतः लिहिल्या होत्या.

चहाटळ

अर्ध्या गुंठ्यासाठी आमच्या भाऊबंदकीत दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत आहेत. तो कंपायलर आमच्या आजोबांना मिळायला हवा होता.

फावल्या वेळात

माझा अनुभव लहान आहे, पोळ्या लाटता लाटता लिहिते आहे. एका दुकानाच्या प्रणालीत ग्राहकाचा मोबाइल क्रमांक साध्या इंटिजर रकान्यात ठेवला होता. दहा आकडी क्रमांक त्यात मावत नव्हता, आणि डेटाबेसची ती जुनी आवृत्ती तक्रार करण्याऐवजी रकान्यात बसणारा सर्वांत मोठा आकडा मुकाट्याने भरत होती. दिवाळीच्या सवलतीचे संदेश पाठवण्याची वेळ आली, तेव्हा चार हजार ग्राहकांचा क्रमांक एकच निघाला: २१४७४८३६४७.

चहाटळ

ते गृहस्थ आमच्याही यादीत होते. त्यांनी एकदाही खरेदी केली नाही.

बांधावरचा

विनोद सोडून सांगतो, मोबाइल क्रमांक किंवा पिनकोड ही संख्याच नव्हे. ज्याची बेरीज-वजाबाकी करण्यात अर्थ नाही, ते अक्षरांत ठेवावे आणि त्याला स्वतःचा टाइप द्यावा, असे माझे मत झाले आहे.

तुलूजकर

एडाचे कौतुक वाचून बरे वाटले, पण तिच्या माथी मारले जाणारे सर्वांत प्रसिद्ध प्रकरण इथे यायला हवे. मी गेली बारा वर्षे फ्रान्समधल्या तुलूजला आहे आणि इथे अवकाश क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ऐकवली जाते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन ५ या युरोपीय रॉकेटचे पहिले उड्डाण झाले आणि मुख्य इंजिन पेटल्यापासून सुमारे ३७ सेकंदांनी मार्गदर्शनच कोसळले. आडव्या वेगाशी संबंधित एक मूल्य चौसष्ट बिटांच्या दशांश स्वरूपातून सोळा बिटांच्या पूर्णांकात बदलताना मावले नाही. ते सॉफ्टवेअर एरियन ४ साठी लिहिलेले होते, त्या यानाच्या मार्गावर ते मूल्य कधीच एवढे वाढत नसे, आणि एरियन ५ चा मार्ग निराळा असूनही ते तसेच उचलले गेले.

पुष्कळ जण इथेच थांबतात. चौकशी अहवालातला पुढचा भाग मला अधिक बोचतो. धोक्याची अशी सात चले (बदलती मूल्ये) सापडलेली होती. संगणकावरचा भार ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून त्यांतल्या चारांनाच संरक्षण दिले गेले आणि तीन उघडी राहिली. शिवाय सीमा ओलांडल्याचे एडाने पकडलेच होते. ठरलेल्या रीतीप्रमाणे मग मार्गदर्शनाचा तो संगणक बंद झाला, आणि राखीव संगणकात तेच सॉफ्टवेअर असल्याने तो ७२ मिलिसेकंद आधीच त्याच वाटेने गेला होता. ज्या गणनेमुळे हे घडले, तिचा उड्डाणानंतर एरियन ५ ला काही उपयोगही नव्हता. कुंपणानेच शेत खाल्ले, असे मी याला म्हणतो. कुंपण ओलांडले गेल्यावर पुढे काय करायचे, हा निर्णय टाइप आपल्या वतीने घेत नाही.

रेवाकाठ

तुलूजकर, अगदी खरे आहे. आमच्याकडे याच कारणासाठी काही भागांत एडाचा स्पार्क हा उपसंच वापरत असत. त्यात अशी चूक चालताना पकडण्यावर न थांबता ती घडूच शकत नाही, हे आधी गणिताने सिद्ध करता येते. एका छोट्या फिल्टरच्या सिद्धतेत माझे तीन आठवडे गेले होते, आणि ते वाया गेले असे मला आजही वाटत नाही.

थंडगार

नाशिक भागातल्या द्राक्षांच्या शीतगृहाचा प्रसंग सांगतो. चूक माझी स्वतःची होती. तापमान मोजणाऱ्या छोट्या नियंत्रकात मी तापमानासाठी आठ बिटांचा चिन्हविरहित पूर्णांक वापरला होता, म्हणजे ० ते २५५. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास ठेवतात, आणि चाचणी आम्ही मे महिन्यात, रिकाम्या खोलीत केली होती. पारा दोनच्या खाली गेलाच नव्हता. जानेवारीतल्या एका रात्री खोलीचे तापमान उणे एक झाले. माझ्या चलात उणे एक मावत नसल्याने त्याचे २५५ झाले, आणि खोली भट्टीसारखी तापली आहे असे समजून नियंत्रकाने कॉम्प्रेसर पूर्ण जोराने चालू ठेवला. जितके तापमान खाली जाई, तितका तो २५४, २५३ असे वाचत राही.

पहाटे चार वाजता मालकांचा फोन आला. "साहेब, घड काचेच्या गोट्यांसारखे वाजतायत." मी पोहोचलो तेव्हा त्यांनी एक पेटी उघडून एक मणी माझ्या तळहातावर ठेवला. तो कडक होता आणि हाताच्या उबेने सैल पडू लागताच त्याची साल सुरकुतली. ते रागावले नाहीत, आणि ते मला जास्त लागले.

आता तापमानाचा टाइप मी उणे ३० ते अधिक ६० असा घेतो आणि त्याबाहेरचे वाचन आले की ते तापमान म्हणून पुढे जाऊच देत नाही. संवेदक बिघडला असे समजून कॉम्प्रेसर ठरावीक वेळापत्रकावर टाकतो आणि भोंगा वाजवतो. तुलूजकरांनी विचारलेल्या "पुढे काय करायचे" याचे माझ्यापुरते उत्तर एवढेच आहे.

फावल्या वेळात

थंडगार दादा, वाचताना पोटात कालवले. मालकांचे नुकसान कसे भरून निघाले?

थंडगार

निम्मे आम्ही सोसले, निम्मे त्यांनी आपणहून सोसले. पुढच्या हंगामातही त्यांनी आम्हालाच बोलावले.

दूधवाला अभियंता

दुसरी बाजूही नोंदवतो, कारण इथे सगळेच कुंपणाच्या बाजूने दिसत आहेत. दूध संकलन केंद्रासाठी प्रणाली करताना ३.५ ऐवजी ३५ फॅट भरली जाऊ नये म्हणून मी फॅटचा टाइप २.० ते ८.० असा बांधून टाकला आणि स्वतःवर खूश झालो. दोन महिन्यांनी एका केंद्रावर गेलो, तर म्हशीच्या दुधाच्या यादीत ८.० हा आकडा संशय यावा इतक्या वेळा दिसला. केंद्रचालकाला विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, "मशीन साडेआठ दाखवते, तुमचा कॉम्प्युटर घेत नाही, मग मी आठ टाकतो. रांग थांबवू का?"

वेताच्या अखेरीस दूध आटत आले की म्हशीची फॅट वाढते, हे त्या गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत होते, मला नव्हते. माझ्या सुरक्षित टाइपमुळे पन्नासेक शेतकऱ्यांना त्यांच्या चांगल्या दुधाचा कमी दर मिळत राहिला, आणि नोंदी मात्र सगळ्या वैध होत्या. मर्यादा आता १५ पर्यंत नेली आहे. ९ च्या वर गेल्यास नोंद अडवली जात नाही, फक्त दुसऱ्यांदा मोजायला सांगितले जाते. फरकाची रक्कम यंत्राच्या छापील पावत्यांवरून काढून दिली, पण निम्म्या पावत्यांची शाई उडालेली होती.

तुलूजकर

हे आमच्याकडच्या प्रशिक्षणात सांगण्याची परवानगी द्याल का? नावे घेणार नाही.

दूधवाला अभियंता

खुशाल सांगा. म्हशीचे नावही सांगितले तरी चालेल.

गणिताच्या बाई

मी प्रोग्रामर नाही, गुणपत्रिकांचे काम अंगावर पडलेली शिक्षिका आहे. आमच्या जुन्या प्रणालीत गैरहजर विद्यार्थ्याला उणे एक गुण देत असत आणि वर्गाची सरासरी काढताना ते उणे एकही बेरजेत जात असे. गुण शून्य ते शंभर आणि गैरहजेरी ही वेगळीच गोष्ट, एवढे कोणी आधी ठरवले असते, तर एका मार्चमधले माझे दोन रविवार वाचले असते.

आणि रेवाताईंच्या भाच्यासाठी एक गोष्ट: तेराच्या फॅक्टोरियलमध्ये पाच आणि दहा हे दोन्ही गुणक आहेत, सम संख्या तर भरपूर आहेत, त्यामुळे उत्तराच्या शेवटी दोन शून्ये यायलाच हवीत. ५०४ ने संपणारे उत्तर पाहताच पेन खाली ठेवायला हवे होते.

रेवाकाठ

बाई, त्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो ओशाळला, मग त्याने इंटिजरच्या जागी चौसष्ट बिटांचा लाँग लाँग घेतला, तेराचे उत्तर बरोबर आणले आणि प्रश्न सुटल्याचे जाहीर करून जेवायला बसला. वीसपर्यंत सगळे बरोबर येते, हे त्याने मला करून दाखवले. मी त्याला एकवीस टाकायला सांगितले. ताट तसेच टाकून तो आत्ता माझ्या शेजारी येऊन बसला आहे, आणि पडद्यावरच्या एकोणीस आकडी उत्तराच्या आधी पुन्हा ते उणे चिन्ह आहे.