मदत हवी आहे : कॅपाडोकियाची छोटी सहल, सोबत सासूबाई

ऑक्टोबरमध्ये इस्तंबूलला जातोय, तिथून विमानाने कॅपाडोकिया (तुर्कस्तानातला, खडकात कोरलेल्या घरांचा आणि चर्चचा भाग). मुक्काम दोनच रात्रींचा, त्यामुळे स्थानिक गाईडसोबतची सहल घ्यायचं ठरतंय. तिथे 'रेड टूर' आणि 'ग्रीन टूर' असे ठरीव प्रकार आहेत. रेडमध्ये साधारण गोरेमेचं खुलं संग्रहालय, उचहिसारचा किल्ला वगैरे, आणि ग्रीनमध्ये इहलारा दरी व डेरिनकुयू किंवा कायमाकलीचं भूमिगत शहर.

अडचण सासूबाईंची. वय ६८, उत्साह दांडगा, पण गुडघे कुरकुरतात आणि कोंदट जागेत जीव घाबरतो. डेरिनकुयू सुमारे ८५ मीटर खोल आहे, बोगद्यांतून वाकून जावं लागतं म्हणे. इहलाराला तर शेकडो पायऱ्या उतरायच्या. त्यांना वर चहा पीत बसवून आम्ही खाली जाऊन येऊ शकतो का? गाईड तेवढा वेळ थांबतो? की सरळ खाजगी गाडी करावी?

मला स्वतःला चर्चपेक्षा माणसं राहायची ती घरं बघायची आहेत. तिथल्या झेल्वे या जुन्या गुहा-गावात १९५० च्या दशकापर्यंत लोक राहत होते, मग दरडींच्या धोक्यामुळे त्यांना हलवलं. पण ते रेड टूरमध्ये असतंच असं दिसत नाही. कुणी पाहिलंय का?

गुहेतल्या हॉटेलात दमट वास येतो का, हेही सांगा. तिथल्या हॉट एअर बलूनच्या सफरीचं विचारत नाहीये, वारा असला की उड्डाण रद्द होतं हे माहीत आहे.

आणि कृपया "त्यापेक्षा वेरूळ बघा" म्हणू नका, आम्ही संभाजीनगरचेच आहोत!