अतिक्रमण काढतो म्हटलं तर स्टेची धमकी, ग्रामपंचायतीनं काय करावं?

प्रश्न: हिंगणा तालुक्यातलं गाव आहे आमचं, सार्वजनिक रस्त्यावर एकानं भिंत बांधली, आता म्हणते कोर्टातून स्टे आणतो. वकील कसा लावायचा भाऊ?

उत्तर १: घाबरू नका. ग्रामपंचायत अधिनियम 1958 चं कलम 53 पाहा, अतिक्रमण हटवायचा अधिकार पंचायतीलाच आहे. पण आधी मासिक सभेत ठराव घ्या, लेखी नोटीस द्या अन् पोच जपून ठेवा, पेपर कच्चे असले की तिथंच केस हरते, लई गावांचं असंच होऊन राहिलं.

उत्तर २: दिवाणी कोर्टात आजच कॅव्हेट टाका, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय स्टे देऊ नका असा अर्ज, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 148अ. 90 दिवस चालते, तुम्हाला नोटीस दिल्याशिवाय स्टे मिळत नाही. ग्रामसेवकाला सोबत न्या, रेकॉर्ड त्याच्याकडंच असते.

प्रश्नकर्ता: ठरावच नाही झाला अजून, या सभेत घेतो.