हेडर फाइलच्या नावातील एका कॅपिटल अक्षरामुळे उबुंटूवर कंपाइल अडते. दुरुस्ती मूळ प्रकल्पात कशी पाठवावी?

रविवार_कारंजा (प्रश्नकर्ते):

नमस्कार. नाशिकला रविवार कारंजाजवळ आमचा लहानसा छापखाना आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेला जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी मी सी++ मध्ये लिहिलेले एक मुक्तस्रोत पॅकेज उबुंटू या लिनक्स प्रणालीवर स्वतः कंपाइल करून (मूळ कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवून) वापरतो. नव्या आवृत्तीत 'मॅपिंग' ही हेडर फाइल (कोडच्या इतर फाइलींत जोडून घ्यायची सामाईक फाइल) सापडत नाही असे सांगून कंपायलर थांबतो, आणि फाइल तर फोल्डरमध्ये समोर दिसते. बारकाईने पाहिल्यावर लक्षात आले की फाइलच्या नावाचे पहिले अक्षर कॅपिटल आहे आणि ती जोडून घेणाऱ्या इन्क्लूडच्या ओळींत ते स्मॉल आहे. मी माझ्या संगणकावर फाइलचे नाव बदलले आणि काम सुरू झाले.

पुढे मात्र वेगळाच घोटाळा झाला. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधून नवे बदल उतरवल्यावर (गिट पुल) कॅपिटल नावाची फाइल पुन्हा आली, कंपाइलही विनातक्रार झाले, पण रफार आणि जोडाक्षरांच्या ज्या चुका नव्या आवृत्तीत सुधारल्याचे लिहिले होते त्या माझ्याकडे तशाच राहिल्या. विंडोजवर अक्षरजुळणी करणाऱ्या सहकाऱ्यांकडे काहीच अडत नाही, आणि त्यांनी एक्सप्लोररमध्ये नाव बदलून पाहिले तर गिटला बदल दिसतच नाही. ही दुरुस्ती सर्वांना मिळावी अशी माझी इच्छा आहे. कशी करावी?

सातपूर_टर्मिनल:

तुमच्या चुका का राहिल्या ते आधी सांगतो, कारण त्यात मजकुराचे नुकसान आहे. तुम्ही नाव बदललेली प्रत गिटच्या नोंदीत नाही. मूळ प्रकल्पातील सुधारणा कॅपिटल नावाच्या फाइलमध्ये आल्या आणि इन्क्लूडची ओळ मात्र तुमची जुनी, स्मॉल नावाची प्रत उचलत राहिली. ती प्रत आजच काढून टाका आणि दरम्यानच्या काळात रूपांतरित केलेली पाने पुन्हा तपासा.

विंडोजची एनटीएफएस आणि मॅकची एपीएफएस या फाइल-व्यवस्था सहसा कॅपिटल-स्मॉल असा भेद न करता फाइल शोधतात, लिनक्सवर मात्र ती दोन वेगळी नावे ठरतात. क्लोन करताना (प्रकल्पाची पूर्ण प्रत घेताना) गिट ही गोष्ट तपासून 'कोअर.इग्नोअरकेस' ही कॅपिटल-स्मॉल भेदाकडे दुर्लक्ष करायचे का ते सांगणारी सेटिंग स्वतः ठरवते, म्हणून सहकाऱ्यांना बदल दिसला नाही. ती सेटिंग हाताने बदलू नका, त्यातून दुहेरी नोंदींसारखे नवे घोळ उद्भवतात.

दुरुस्ती तुमच्या उबुंटूवरच करा. वेगळी ब्रँच (कामाची स्वतंत्र शाखा) घ्या, ग्रेप या शोध-आज्ञेने सगळ्या फाइलींत हे नाव शोधा आणि कोणती बाजू चुकली आहे ते ठरवा. सगळ्या इन्क्लूड ओळी स्मॉल असतील, तर फाइलचेच नाव 'गिट एमव्ही' या आज्ञेने बदलावे. त्या कमिटमध्ये (गिटमधील बदलाच्या एका नोंदीत) दुसरे काहीही करू नका. गिट नामांतराची वेगळी नोंद ठेवत नाही, मजकुराचे साम्य पाहून ते ओळखते (प्रमाण सहसा ५० टक्के), त्यामुळे नामांतर आणि मोठे बदल एकत्र केले तर फाइलचा इतिहास तुटल्यासारखा दिसतो.

गोदाकाठ:

वरील उत्तराशी सहमत आहे, पण दोन गोष्टी जोडतो. जुनी आणि नवी अशी दोन्ही नावे रेपॉझिटरीत (प्रकल्पाच्या गिटमधील साठ्यात) राहू देऊ नका. लिनक्स कर्नलमध्ये नेटफिल्टरच्या काही हेडर फाइलींची नावे केवळ कॅपिटल-स्मॉल फरकाची आहेत, आणि विंडोजवर किंवा मॅकवर ते क्लोन केले की दोहोंपैकी एकच फाइल डिस्कवर उरते. तुमच्या सहकाऱ्यांचेही तसेच होईल. कंपाइल कसे करायचे ते ठरवणाऱ्या सी-मेकच्या यादीत जुने नाव असेल तर तेही त्याच कमिटमध्ये बदला, नाहीतर मधली एक अवस्था कंपाइल न होणारी राहील.

दुसरे म्हणजे, हेडरचे नाव बदलणे सोपे आहे, कारण ते पॅकेजच्या आतच वापरले जाते. लोक टर्मिनलवर टाइप करतात ते प्रोग्रॅमचे नाव बदलायचे असते, तर मी इतक्या सहज होकार दिला नसता. डेबियन या लिनक्स प्रणालीत 'नोड' हे नाव हौशी रेडिओच्या एका प्रोग्रॅमकडे आधीपासून होते, म्हणून जावास्क्रिप्ट चालवणारे नोड.जेएस तेथे बरीच वर्षे 'नोडजेएस' या नावाने चालवावे लागे, आणि 'नोड' हेच नाव गृहीत धरणाऱ्या स्क्रिप्टसाठी सिमलिंक (मूळ फाइलकडे नेणारे दुसरे नाव) देणारे वेगळे पॅकेज ठेवावे लागले. तुमचे हेडर सिस्टिमच्या इन्क्लूड फोल्डरमध्ये इन्स्टॉल होते का, एवढे पाहून घ्या. होत असेल, तर दुसऱ्यांचे प्रोग्रॅमही त्यावर अवलंबून असू शकतात.

रविवार_कारंजा:

दोघांचेही मनापासून आभार. ग्रेपमध्ये सात ठिकाणी स्मॉल नाव आढळले आणि कॅपिटल फक्त फाइलला आणि सी-मेकच्या एका ओळीत होते. हेडर इन्स्टॉल होत नाही. नवीन क्लोन घेऊन उबुंटूवर आणि विंडोजवर दोन्हीकडे कंपाइल करून पाहिले, ते सुरळीत झाले, आणि एका कमिटचा पॅच त्रुटीच्या वर्णनासह प्रकल्पाकडे पाठवला आहे. जुन्या प्रतीने रूपांतरित झालेली चाळीस पाने आज पुन्हा वाचायला घेतली आहेत.