पीएम किसानची गावची यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावली तर चुकलं काय?

बांधावरचा :
पीएम किसानच्या पोर्टलवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव टाकलं की लाभार्थ्यांची नावं येतात, कुणालाही दिसतात. मी आमच्या गावची प्रिंट काढली आणि बोर्डावर लावूया म्हटलं तर दोघं जण अंगावरच आले, आमच्या घरचे पैसे चव्हाट्यावर कशाला मांडतोस म्हणे. त्यातल्या एकाला चांगली पेन्शन आहे हे गावाला माहितीये. आणि इकडे माझ्या चुलत्यांचा हप्ता ई-केवायसीपायी (आधारवरून ओळख पटवायची असते ती) अडकलाय, जन्मभर खुरपं धरून बोटांचे ठसेच उमटत नाहीत त्यांचे. मला कुणाचं वाईट करायचं नाही, पण सरकारी पैसा कुणाला गेला हे गावाला कळायला नको का? कायद्यात काय बसतं?

काळी_माती :
बसतं, नक्की बसतं. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख) मधलं बारावं उपकलम वाचा. अनुदानाचा कार्यक्रम कसा राबवला, किती रक्कम दिली, लाभार्थी कोण, हे कुणी न मागता कार्यालयाने स्वतःच जाहीर करायचंय. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) बदललं, त्यामुळे आता यादीसाठी माहिती अधिकारात अर्ज केलात तर "वैयक्तिक माहिती" म्हणून फेटाळतील, पण कलम ४ ला हात लावलेला नाही आणि जनहित मोठं असेल तर माहिती देता येते म्हणणारं कलम ८(२) पण तसंच आहे, अपिलात हे दोन्ही लिहा. फक्त आधार, खाते नंबर, मोबाईल यातलं काही बोर्डावर जाऊ देऊ नका.

जिरायतवाला :
पेन्शन महिना १० हजार किंवा जास्त असेल तर तो अपात्रच, चतुर्थ श्रेणीवाले सोडून. इन्कम टॅक्स भरणाराही अपात्र. माहिती अधिकार कार्यकर्ते वेंकटेश नायक यांनी अर्ज करून काढलेलं आठवा, जुलै २०२० पर्यंत २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी गेले होते, निम्म्याहून जास्त टॅक्स भरणारे, आणि आपला महाराष्ट्र वरच्या राज्यांत. दिल्लीत बसून कॉम्प्युटरला जे दिसत नाही ते पारावर बसलेल्याला दिसतं हो. त्यात पीएम किसानचे वर्षाला ६ हजार, वर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६ हजार याच पात्रतेवर मिळतात, म्हणजे एक चुकीचं नाव वर्षाला १२ हजाराचं. रोजगार हमीत ग्रामसभेचं सोशल ऑडिट, म्हणजे गावानेच हिशेब तपासणं, कायद्यातच आहे, मग इथे का नको?

माहेरची_शेती :
यादी लावाच, पण यादीत कोण नाही तेही वाचा. पैसे सातबारावर नाव असणाऱ्याला मिळतात, राबणाऱ्याला नाही. वाट्याने करणारा कुठेच नाही, बायका तर बहुतेक घरांत नाहीतच. नवरा गेल्यावर वारस नोंद रखडली की हप्ता पण बंद. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना लाभ नाही, पण वारसाने आलेली चालते, हे कितीतरी बायकांना कुणी सांगितलेलंच नाही. आणि दादा, चुलत्यांसाठी पीएम किसानच्या अॅपवर चेहरा दाखवून केवायसी होते, ठसा लागत नाही.

बांधावरचा :
ताई, चेहऱ्याचं खरंच माहीत नव्हतं, आज संध्याकाळीच करतो. गल्लीत दोन घरं आहेत वारस नोंद राहिलेली, त्यांना घेऊन तलाठ्याकडे जाईन. यादीचा विषय ग्रामसभेत लेखी देतोय, नावं आणि गाव एवढंच, बाकी काही नाही.