थायलंडच्या एटीएममधून बाट काढायला कोणतं कार्ड स्वस्त?

प्रश्न: बँकॉकला आठ दिवस आहोत. रोख बाट डेबिट कार्डाने काढावेत, क्रेडिटने की फॉरेक्स कार्डाने (आधीच परकीय चलन भरून घेतलेलं कार्ड)?

भटक्या: क्रेडिटने अजिबात नको. कॅश अ‍ॅडव्हान्सचं, म्हणजे क्रेडिट कार्डावर रोख काढण्याचं, शुल्क लागतंच, वर व्याजही पहिल्या दिवसापासून. डेबिटचा मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या व्यवहारावर आपली बँक लावते ते जादा शुल्क, बघा. ३.५ टक्के असेल तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून ४.१३ पडतात. शून्य मार्कअपचं कार्ड असेल तर प्रश्नच मिटला. फॉरेक्स कार्डात बाटचं वॉलेट (त्या चलनाचा वेगळा कप्पा) नसेल, तर एका चलनातून दुसऱ्यात बदलण्याचं क्रॉस करन्सी शुल्क कापतात.

पैपैचा हिशेब: तिथल्या एटीएमचं शुल्क वेगळं, दर वेळी साधारण २२० बाट. २,००० काढले तर ११ टक्के गेले, २०,००० काढले तर जेमतेम १.१. थोडे थोडे काढत बसू नका.

सावधान: खरी मेख पुढेच आहे. स्क्रीनवर रुपयांतला आकडा दाखवून विचारतात. तिथे ‘विदाउट कन्व्हर्जन’ दाबा. रुपये स्वीकारलेत की दर आपली बँक नाही, एटीएमवाला ठरवतो, आणि तो महागच असतो. नकार दिला तर व्यवहार रद्द होईल असं वाटतं. होत नाही, बाट मिळतात.

भटक्या: निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. एटीएम आणि दुकानातल्या मशीनची बटणं वेगवेगळी असतात, एटीएमचं राहून जातं.