मदत हवी आहे: ट्रकचं कूलंट कमी होतंय पण खाली एक थेंब नाही, हेड खोलायच्या आधी काय काय तपासू?

नमस्कार मंडळी,

थोडं लांब लिहितोय, पण अर्धी माहिती दिली की उत्तरंही अंदाजानेच येतात म्हणून सगळं एकदाच सांगतो.

गाडी म्हणजे छोटा ट्रक, २६ वर्षं जुना, अडीच लिटर चार सिलिंडरचं टर्बो डिझेल, ब्लॉक बिडाचा आणि हेड (सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग) अॅल्युमिनियमचं. मीटरवर ४ लाख ६२ हजार किलोमीटर. वडिलांनी घेतलेला, गेली नऊ वर्षं माझ्या हातात आहे. ऑईल, फिल्टर, ब्रेक शू, व्हील बेअरिंगचं ग्रीस, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, मागच्या कमानपाट्यांचे बुश, सेल्फ खोलून कार्बन बदलणं एवढं सगळं घरीच करतो. इंजिनच्या आत मात्र टॅपेट सेटिंगच्या पुढे कधी हात घातलेला नाही.

तर गेल्या तीन-चार महिन्यांपासून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी) कमी होतंय. हजार किलोमीटरला साधारण पाऊण लिटर भरावं लागतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवतो, सकाळी कोरडा. रेडिएटरचे वरचे-खालचे पाईप कोरडे, वॉटर पंपाच्या खालच्या भोकाशी बोट फिरवलं तेही कोरडं. आणि दुसरं म्हणजे सकाळी पहिला सेल्फ मारला की गाडी दोन-तीन मिनिटं थरथरते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर काढते, मग सगळं शांत. तिसरं, लोड घेऊन लांब चढ लागला की तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकतो, लाल पट्ट्यात अजून गेलेला नाही, सपाटीवर आला की परत खाली येतो.

एका मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी पाच मिनिटं ऐकून सांगितलं की पाणी खाते, पांढरा धूर आहे, गरम होते, म्हणजे हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) गेलं, हेड उतरवून फेसिंग करा (तळ सपाट करून घ्या), आणि तोपर्यंत थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका. कदाचित त्यांचं बरोबर असेलही. पण माझं मन मानत नाही, कारण डिपस्टिकवर ऑईल स्वच्छ आहे, दुधाळ झालेलं नाही, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नाही, आणि ताकद मला तरी कमी झालेली वाटत नाही. नुसत्या अंदाजावर या वयाच्या इंजिनाचं हेड उघडायची भीती वाटते, एक बोल्ट ब्लॉकमध्ये तुटला तर काम कुठल्या कुठे जातं.

माझे प्रश्न असे आहेत. हेड न खोलता गॅस्केटची खात्री कशी करायची आणि कुठल्या क्रमाने? थर्मोस्टॅट काढून चालवणं बरोबर आहे का? आणि ते रेडिएटरमध्ये ओतायचं गळती बंद करणारं औषध मिळतं ते टाकून बघू का? माझ्याकडे मल्टिमीटर, टॉर्क पाना, जॅक, चार मजबूत स्टँड आणि लांबून तापमान दाखवणारं गन थर्मामीटर आहे. कूलिंगचा प्रेशर पंप नाही पण आणू शकतो.

या गाडीवर माझा जीव आहे, तिला अजून बरीच वर्षं चालवायचीये, म्हणून घाईघाईत चुकीचं काही करायचं नाहीये.

प्रतिसाद १

भाऊ, आधी थर्मोस्टॅट काढू नका. इंजिन कायम थंड चालेल, डिझेल जास्त खाईल, रिंग-लायनर जास्त घासतील, आणि बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करत असतो, तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरत राहतं आणि चढावर उलट जास्त हीट होते. शंका असेल तर बाहेर काढून पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसकट गरम करा, त्याच्यावर आकडा कोरलेला असतो, बहुतेक वेळा ८२ किंवा ८८, त्याच्या आसपास उघडायला लागला आणि अजून दहा-बारा डिग्रीत पूर्ण उघडला की तो चांगला आहे, परत बसवा.

औषध तर अजिबात नको. भोक बुजवतं ते खरं, पण रेडिएटरच्या आणि केबिनच्या हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतं. मग एका दुखण्याची दोन होतात.

आता मुख्य मुद्दा. मिस्त्रींनी तीन लक्षणं एकत्र बांधून एकच रोग धरलाय, तुम्ही आधी ती सुटी करा. पांढरा धूर दोन प्रकारचा असतो. न जळलेल्या डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो, कच्च्या डिझेलचा वास येतो आणि इंजिन गरम झालं की जातो. कूलंटची वाफ गोडसर वासाची असते आणि गॅस्केट बऱ्यापैकी गेलं असेल तर गरम झाल्यावरही येत राहते. तुमचा कुठला आहे ते उद्या सकाळी बघून सांगा, फक्त सायलेन्सरला तोंड लावून वास घेत बसू नका, लांबूनच कळतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. क्रम विचारलाय म्हणून माझा क्रम सांगतो, यातलं पहिलं तर फुकट आहे.

रात्रभर थंड झालेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण सकाळी सेल्फ मारायच्या आधी उघडा. फुस्स करून दाब सुटला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय असा संशय घ्यायचा, कारण नुसत्या उष्णतेचा दाब रात्रभरात उतरलेला असतो. मग झाकण परत लावून इंजिन चालू करा आणि वरचा पाईप हातात धरून ठेवा. पहिल्या एक-दोन मिनिटांतच, पाणी कोमट व्हायच्याही आधी पाईप दगडासारखा कडक झाला तर गॅस्केट किंवा हेडला चीर. गरम झाल्यावर पाईप कडक लागतो ते सगळ्याच गाड्यांचं असतं, त्याला घाबरू नका.

नंतर प्रेशर पंप. थंड इंजिनावर, झाकणावर लिहिलेला दाब असेल तेवढाच द्यायचा, त्यापेक्षा जास्त नाही, आणि अर्धा-पाऊण तास काटा बघायचा. थंडच करा, कारण बरेच पाईप थंड असताना क्लिपजवळ गळतात आणि गरम झाले की फुगून बंद होतात. त्याच पंपावर झाकणही तपासून घ्या. हे लोक विसरतात! बंद प्रणालीत १ बार दाब धरला तर साधं पाणीसुद्धा १२० डिग्रीपर्यंत उकळत नाही, निम्म्या-निम्म्या मिश्रणाला तर अजून वर जायला जागा मिळते. झाकणाची स्प्रिंग मेली की तो सगळा दाब गेला, चढावर कूलंट फुगून रेडिएटरच्या जादा पाण्याच्या बाटलीत येतं आणि बाटलीच्या ओव्हरफ्लोमधून रस्त्यावर सांडतं, मग तुमच्या पुठ्ठ्यावर थेंब दिसणार कसा.

त्यानंतर निळ्या द्रवाची चाचणी. नळीत निळा द्रव घालून रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची, जळालेला गॅस असला तर रंग बदलतो, पेट्रोलला पिवळा होतो, डिझेलला हिरवट. कूलंटची पातळी आधी थोडी खाली घ्या, ते द्रवात ओढलं गेलं की चाचणी वाया. डिझेलमध्ये आयडलला गॅस कमी असतो म्हणून थोडा रेस देऊन करा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) सगळ्यात शेवटी, आणि पेट्रोल गाडीचा गेज लावू नका, डिझेलला २५ ते ३० बार सहज येतात, त्याचा काटा तिथपर्यंत जातच नाही. आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला आपापसातला फरक बघा.

आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही, अॅल्युमिनियमच्या हेडला तिथेच चीर जाते.

धागालेखक

दोघांचेही खूप आभार, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. आज सकाळी केलेलं सांगतो. झाकण उघडलं, दाब काही सुटला नाही. चालू केल्यावर पाच मिनिटं वरचा पाईप हातात धरून होतो, मऊच राहिला. आणि धूर डोळ्यांना झोंबतो, वास कच्च्या डिझेलचाच आहे, गोड वास बिलकुल नाही. पंप आणायला चाललोय.

प्रतिसाद ३

मग तो धूर पाण्याचा नाही, हीटर प्लगचा (थंड डिझेल इंजिन चालू होताना सिलिंडर तापवणारे प्लग) असणार. त्यांच्या वरची जोडपट्टी काढून प्रत्येक प्लग मल्टिमीटरने बघा, चांगला असेल तर एक ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेला असेल तर काहीच दाखवत नाही. काढताना मात्र जपून, इतक्या किलोमीटरच्या गाडीत ते कार्बनमध्ये जाम झालेले असतात आणि खालचं टोक हेडमध्ये तुटून राहिलं तर हेड खरंच उतरवावं लागतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, इंजिन गरम असताना पाव फेरा सैल, परत थोडा घट्ट, परत सैल असं करत काढा. जोर लागला की थांबा, परत तेल, परत वाट बघा.

चढावर गरम होण्यासाठी फॅनचा विस्कस क्लच (गरम झाल्यावर फॅनला इंजिनाशी जोडणारा तेलभरला जोड) बघा, समोरच्या तोंडावर तेलकट ओल आणि थंड असताना हाताने फिरवला की मोकळा गरगर फिरतो म्हणजे गेला. रेडिएटर आणि त्याच्या पुढची जाळी यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा, पुढून स्वच्छ दिसतं आणि मध्ये माती-पिसं-किडे गच्च बसलेले असतात.

धागालेखक (अकरा दिवसांनी)

मंडळी, उशीर झाला, पण सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

पंप लावून ०.९ बार दिला, चाळीस मिनिटांत ०.६ वर आला, खाली थेंब नाही, पुढे कुठे ओल नाही. पहिल्यांदा पोटात गोळाच आला, वाटलं गेलं आतच. मग आरसा आणि टॉर्च घेऊन हेडच्या मागे, केबिनच्या पत्र्याच्या बाजूला बघितलं, जिथे हात जेमतेम जातो. हीटरचा पाईप हेडच्या मागून निघतो तिथे क्लिपच्या खाली कूलंटच्या रंगाची वाळलेली खपली दिसली आणि दाब असताना तिथून अगदी बारीक ओल झिरपत होती. ते पाणी उतरतं थेट क्लच हाउसिंगवर, तिथे गरम पत्र्यावर सुकून जातं, जमिनीपर्यंत येतच नाही. पाईप कापून बघितला तर आतून रबराला उभ्या चिरा होत्या. मागचे दोन्ही पाईप आणि क्लिपा नव्या टाकल्या, धातूच्या नळीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासून काढला, नाहीतर नवा पाईपही तिथेच गळला असता. परत दाब दिला, एक तास काटा हलला नाही.

झाकणही गेलेलं निघालं. लिहिलंय ०.९ आणि ०.५ लाच सोडत होतं. म्हणजे थोडं पाणी मागे सुकत होतं आणि थोडं चढावर बाटलीतून रस्त्यावर जात होतं. निळी चाचणीही करून घेतली, रेस देऊन दहा मिनिटं, निळाच राहिला. कॉम्प्रेशनच्या भानगडीत मग पडलोच नाही.

प्लग: तिसरा आणि चौथा मेलेले. चौथा एका संध्याकाळीत निघाला, तिसऱ्याला तीन दिवस लागले, रोज तेल, रोज पाव-पाव फेरा, पण अख्खा निघाला. चारही नवे टाकले, आता सकाळी पहिल्या सेल्फला धूर न काढता चालू होते. तो आवाज ऐकून वडील बाहेर येऊन उभे राहिले होते.

रेडिएटर काढून मधली माती पाण्याच्या हलक्या धारेने, मागून पुढे, साफ केली, जोरात मारलं की पाती वाकतात. फॅन क्लच तेलकट होता, तोही बदलला. आतून साध्या पाण्याने फ्लश केलं, निघालेलं पाणी तिसऱ्या वेळेला स्वच्छ आलं, मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरून हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढली. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवलंय, ते जनावरांना गोड लागतं आणि विषारी असतं, उघडं ठेवू नका कोणी. तेव्हापासून ७०० किलोमीटर झाले, त्यात लोड घेऊन दोन वेळा तोच चढ. बाटलीवर मारलेल्या खुणेवरून पातळी हललेली नाही, काटा जागेवर, गन थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या डब्यावर सपाटीला ८६ आणि चढ संपल्यावर लगेच ९३ दाखवलं.

आता पुढचा प्रश्न, याच धाग्यात विचारतो. या सातशे किलोमीटरनंतर टायमिंग बेल्टचं (क्रॅंक आणि व्हॉल्वची वेळ जुळवणारा पट्टा) वरचं कव्हर उघडून बघितलं. बेल्टला चिरा नाहीत, पण कडेला एका बाजूने धागे थोडे सुटलेत, आणि शेवटचा कधी बदलला याची वडिलांच्या वहीत नोंद नाही. बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून आणि वाटेवर धरणारी चाकं) एकदमच बदलणार आहे, तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतील म्हणून तोपर्यंत गाडी उभीच ठेवलीये. क्रॅंक पुलीचा बोल्ट मात्र प्रचंड घट्ट आहे. सेल्फचा धक्का देऊन सोडवतात असं ऐकलंय, पण ते मला धोक्याचं वाटतं. फ्लायव्हील लॉक करून लांब पाइप लावून कोणी सोडवलाय का, आणि लॉक नेमका कुठून लावला?