पद्मिनी १९८४ : व्हील सिलिंडर, किंगपिन, काचेचं रबर कुठे मिळेल?

घाटवाट (सातारा)
प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, १०८९ सीसी. इंजिन ठणठणीत. मागचा डावा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) गळतोय, पुढचं चाक जॅकवर घेऊन हलवलं की खेळ (ढिलेपणा) जाणवतो, म्हणजे किंगपिन (ज्या पिनभोवती चाक वळतं ती) झिजली असावी, आणि पुढच्या काचेचं रबर भेगाळून पाणी आत येतंय. इथले दुकानदार ‘माल बंद झाला’ म्हणतात. कुठे शोधू? जुने पार्ट चालतील का?

रिंगपाना
पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस. मुंबईत पद्मिनी टॅक्सी २०२३ पर्यंत धावल्या, त्यामुळे ब्रेक किट, टाय रॉड एंड, क्लच प्लेट असा रोजचा माल अजून निघतो. ब्रेकचं काहीही भंगारातून घेऊ नका.

जुना सिलिंडर सोबत न्या, आतला व्यास व्हर्नियरने मोजून घ्या. आत गंजाचे खड्डे असतील तर नुसतं किट टाकून भागत नाही, किटमधला नवा रबरी कप त्या खड्ड्यांवर घासून पुन्हा गळती लागते. किट वर्षानुवर्षं फळीवर पडलेलं असतं, म्हणून कप बोटांत दुमडून पाहा. बारीक चिरा दिसल्या तर परत करा. बसवताना फक्त ब्रेक ऑइल लावा. ग्रीस किंवा डिझेल लागलं की रबर फुगतं आणि ब्रेक धरून राहतो. उजवा सिलिंडरही सोबतच बदला.

किंगपिन मागवण्याआधी खात्री करा. चाक वर-खाली हलवत असताना दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग सैल आहे, राहिला तर किंगपिन. किट स्वस्त असतं, खरं काम रीमरचं (भोक नेमक्या मापात कोरणारं अवजार). वरचा आणि खालचा बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) एका रेषेत रीम व्हायला हवा, बुशचं भोक ग्रीस निपलसमोर (ग्रीस भरायच्या तोंडासमोर) यायला हवं. पॉलिश पेपरने घासून पिन घुसवणाऱ्याकडे गाडी देऊ नका, स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर सरळ येत नाही.

पत्राकाम
रबराचा वीतभर तुकडा कापून न्या. फोटोवरून घेऊ नका; काचेची आणि पत्र्याची खाच दोन्ही जुळावी लागतात. मीटरवर मिळणारं रबर सेंटिमीटरभर जास्त कापा, नंतर ते आकसतं. सांधा कोपऱ्यात आणू नका.

पण आधी रबराखालचा पत्रा पाहा. पाणी आत येतंय म्हणजे खालच्या कडेला गंज असणारच. तो खरवडून प्रायमर मारल्याशिवाय नवं रबर बसवलं तर काच पुन्हा काढावी लागेल. बसवताना पत्र्याच्या खाचेत सुतळी घाला, साबणाचं पाणी लावा, एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आतून सुतळी ओढायची.

कुर्ल्याच्या भंगारात टॅक्सीचे दरवाजे, काचा, बिजागऱ्या, हँडल बिनधास्त घ्या. इंजिन ब्लॉक मात्र विचार करून. इंजिन नंबर बदलला की आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते.

घाटवाट
ब्रेकच्या नळ्यांतली हवा कुठल्या चाकापासून काढू?

रिंगपाना
मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबच्या चाकापासून. मध्येमध्ये ब्रेक ऑइलची बाटली पाहत राहा, तेल तळाला गेलं की पुन्हा हवा शिरते.